एकट्याने रिटर्नं भरताना: सॉफ्टवेअरची पारख आणि हंगामातले रोजचे प्रश्न

मी एकटीने क्लायंटची आयकर रिटर्नं भरते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर घ्यायचं किंवा बदलायचं असेल तर डेमोच्या वेळी मी विक्रेत्याची नमुना फाइल बघत नाही. गेल्या वर्षीची पाच रिटर्नं बाजूला काढते. प्रत्येकाचं कलम १४३(१)खालचं इंटिमेशन (रिटर्न तपासून खात्याने पाठवलेला हिशेब) आलेलं असावं आणि त्यातला आकडा आपल्याला पटलेला असावा, एवढीच अट. मग तीच रिटर्नं मूळ कागदांवरून डेमोमध्ये नव्याने भरायची आणि एकूण उत्पन्न, कर, आणि आगाऊ कर कमी किंवा उशिरा भरल्याबद्दलचं २३४बी आणि २३४सी खालचं व्याज इंटिमेशनशी रुपयापर्यंत जुळतं का ते पाहायचं. स्क्रीन कशी दिसते, बटणं किती आहेत, याला यानंतर फारसा अर्थ उरत नाही.

पाच फाइली मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारच्या घ्यायच्या. वर्षात नोकरी बदललेला पगारदार, ज्याचे दोन फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आहेत आणि ज्याला मागच्या वर्षांची थकबाकी मिळाली आहे. शेअर आणि म्युच्युअल फंड विकलेला, मागचा तोटा पुढे ओढलेला. ४४एडीएखाली, म्हणजे वह्या न ठेवता फीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून, रिटर्न भरणारा डॉक्टर किंवा आर्किटेक्ट. पेन्शन आणि मुदत ठेवींवर जगणारा ज्येष्ठ नागरिक. आणि पाचवा वह्या ठेवणारा व्यापारी, घसारा आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा असलेला.

यातली प्रत्येक फाइल एकेक दुबळी जागा दाखवते. दोन फॉर्म १६ असले की दोन्ही मालकांनी प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा आपापल्या परीने दिलेली असते. सॉफ्टवेअरने ती एकदाच धरायला हवी, आणि मग कर भरायचा निघतो. "कंपनीने टीडीएस कापला की, मग परत कसला कर?" हा प्रश्न क्लायंट हमखास विचारतो. त्याला दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून वजावटीची ओळ दाखवली की लगेच कळतं. ४४एडी (छोट्या धंद्यांसाठीची तशीच सोय) आणि ४४एडीएवाल्यांना आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. इथे चार हप्त्यांचं २३४सी लावणारं सॉफ्टवेअर चुकतंय. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला कलम २०७प्रमाणे आगाऊ कराचं बंधनच नाही, म्हणून तिथे २३४बी आणि २३४सी शून्य यायला हवं.

व्याज पाच-पंचवीस रुपयांनी चुकत असेल तर बहुतेक वेळा नियम ११९ए पाळलेला नसतो. ज्या रकमेवर व्याज लावायचं तिच्यातला शंभराखालचा भाग सोडून द्यायचा आणि महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरायचा, असा तो नियम. एकूण उत्पन्न आणि कर मात्र जवळच्या दहाच्या पटीत घ्यायचे, २८८ए आणि २८८बीप्रमाणे. फरक क्षुल्लक दिसतो, पण स्वयंनिर्धारण कराचं चलन शे-दोनशे रुपयांनी कमी गेलं की डिमांड येते, क्लायंट घाबरून फोन करतो आणि त्याचा आपल्यावरचा विश्वास कमी होतो. म्हणून मी या कसोटीला सगळ्यात जास्त वजन देते.

ही पारख फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. जूननंतर डोकं वर काढायला फुरसत नसते, शिवाय त्या काळात सगळीच सॉफ्टवेअरं नव्या वर्षाच्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांत अडकलेली असतात. खात्याने फॉर्मची स्कीमा (फाइलचा ठरवून दिलेला साचा) आणि तपासणीचे नियम प्रसिद्ध केल्याशिवाय कुणालाच अंतिम जेसन फाइल, म्हणजे पोर्टलवर अपलोड करायची फाइल, बनवता येत नाही. करनिर्धारण वर्ष २०२५-२६च्या, म्हणजे २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नांच्या, हंगामात हे ठळकपणे दिसलं. आयटीआर-१ आणि ४ (साधे पगारदार आणि ४४एडी-४४एडीएवाले यांचे फॉर्म) यांच्या एक्सेल युटिलिटी, म्हणजे रिटर्न तयार करायची खात्याची साधनं, मेअखेरीस आल्या, आयटीआर-२ आणि ३च्या (भांडवली नफा आणि वह्या ठेवणारा धंदा यांच्या) थेट जुलैत. मुदत आधीच ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केलेली होती, ती शेवटी आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली. त्यामुळे विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या हंगामात स्कीमा आल्यावर तुमची आयटीआर-३ची चालू आवृत्ती किती दिवसांत आली? उत्तराची शहानिशा त्याच्या जुन्या ग्राहकांकडून करता येते.

पैसे मोजायची खरंच गरज आहे का, हा प्रश्न नवीन माणूस लाजत लाजत विचारतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही. आयटीआर-१ आणि ४चीच पंधरा-वीस रिटर्नं असतील तर खात्याचं संकेतस्थळ आणि त्याची मोफत ऑफलाइन युटिलिटी पुरते. युटिलिटीत प्रीफिल जेसन (खात्याने आधीच भरून दिलेली माहिती) घेतली की नाव, पत्ता, बँक, टीडीएस भरून येतं. अडतं ते पुढे. जुनी आणि नवी करप्रणाली शेजारी ठेवून दाखवणारं, क्लायंटच्या हातात देण्याजोगं उत्पन्नाचं विवरण तिच्यात मिळत नाही. बँकेला कर्जासाठी लागतं ते हेच पान. शिवाय कुणाचं रिटर्न भरलं, कुणाचं व्हेरिफाय व्हायचं राहिलं, कुणाचा परतावा अडकला, याची एकत्र नोंद नसते. पन्नासेक क्लायंट झाले की ही नोंद वहीत ठेवणं धोक्याचं होतं.

बाजारात विनमन, कॉम्प्युटॅक्स, जीनियस, सरल, स्पेक्ट्रम अशी बरीच नावं आहेत, ऑनलाइन चालणाऱ्या सेवाही आहेत. नाव मी सुचवत नाही, कारण कामाचा घाट प्रत्येकाचा वेगळा. पगारदारांचं काम जास्त असेल तर फॉर्म १६च्या पीडीएफमधून आकडे नीट उचलले जातात का ते पाहा. शेअरवाले जास्त असतील तर ब्रोकरच्या एक्सेलमधून भांडवली नफा कसा आत येतो ते पाहा. व्यापारी जास्त असतील तर टॅलीतून ताळेबंद आयात होतो का, आणि घसाऱ्याची पुढच्या वर्षाची सुरुवातीची रक्कम आपोआप येते का. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर संगणकावर बसवायचं सॉफ्टवेअर घ्यावं. घरून आणि ऑफिसातून दोन्हीकडून काम करायचं असेल तर ऑनलाइन सोयीचं पडतं. परवाना एका संगणकापुरता आहे की दोन, संगणक बदलल्यास तो हलवता येतो का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावं.

पासवर्डचा विषय आमच्या धंद्यात फार सैलपणे हाताळला जातो. बहुतेक सॉफ्टवेअरांत क्लायंटचा पॅन आणि पोर्टलचा पासवर्ड साठवून एका टिचकीत लॉग-इन होतं. सोय मोठी आहे, पण त्या एका फाइलमध्ये शेकडो माणसांची आर्थिक कुंडली असते. संगणकाला पासवर्ड, डिस्कला एन्क्रिप्शन आणि सॉफ्टवेअरला वेगळा पासवर्ड, एवढं किमान हवंच. सगळ्यांना एकच साचेबंद पासवर्ड ठेवायची पद्धत तर बंदच करावी, कारण एकाचा कळला की सगळ्यांचे कळतात. खात्याकडे ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून नोंदणी केली तर क्लायंटच्या ओटीपीने त्याला आपल्या यादीत जोडता येतं आणि त्याच्या पासवर्डला हात लावावा लागत नाही. काम वाढलं की या वाटेचा विचार करावा.

प्रोफाइलमध्ये मुख्य मोबाइल आणि ईमेल क्लायंटचाच ठेवायचा, आपला फार तर दुय्यम म्हणून. घाईत आपला नंबर टाकला की तेवढ्यापुरते ओटीपी सोपे होतात, पण पुढे नोटिसा आपल्याकडे येतात, क्लायंटला पत्ताही लागत नाही, आणि त्याने सल्लागार बदलला तर त्याचं खातं आपल्या नंबराला बांधलेलं राहतं.

कामाचा क्रम मी असा ठेवते. आधी प्रोफाइल: पॅन-आधार जोडणी, बँक खातं प्रमाणित आहे का, खात्यावरचं नाव पॅनशी जुळतं का. परतावा अडकण्याचं सगळ्यात साधं कारण इथेच असतं. मग एआयएस (बँका-कंपन्यांनी खात्याला कळवलेल्या व्यवहारांची यादी), टीआयएस (तिचा गोषवारा), २६एएस (कापलेल्या कराचा उतारा). मग फॉर्म १६ आणि बँकेची स्टेटमेंटं. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण आणि बँका-फंडांचं व्यवहार-विवरण भरायची मुदत ३१ मे, फॉर्म १६ द्यायची १५ जून. त्यामुळे जूनच्या मध्याआधी उतरवलेलं एआयएस अर्धवट असण्याची शक्यता जास्त. आणि ज्या दिवशी रिटर्न अपलोड करायचं त्या दिवशी ते पुन्हा उतरवायचं, कारण मधल्या काळात बँका विवरण सुधारतात आणि नवी ओळ येऊन बसते. एआयएसची पीडीएफ उघडायला पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष आठ अंकांत. २६एएसला नुसती जन्मतारीख. इंटिमेशनला पुन्हा एआयएससारखंच.

एआयएस म्हणजे उत्पन्न नव्हे, ती इतरांनी दिलेली माहिती आहे. संयुक्त ठेवीचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. एकच व्यवहार दोन ठिकाणांहून कळवला गेला तर दोनदा दिसतो. शेअर विक्रीसमोरची खरेदी किंमत कधी शून्य असते, कधी अंदाजाची. चूक असेल तर तिथेच अभिप्राय द्यावा: माहिती पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची आहे, दुबार आहे, असे पर्याय असतात. तो दिला की टीआयएसमधली करदात्याने स्वीकारलेली रक्कम बदलते आणि पुढे विचारणा झाली तर आपली बाजू नोंदलेली असते. अभिप्राय न देता आकडा नुसता कमी लिहायचा, हे टाळावं. उलट बाजूनेही सांगते: एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न सोडता येत नाही. घरभाडं, पतपेढीचं व्याज, खासगी शिकवण्या यांतलं बरंचसं तिथे येत नाही, ते विचारूनच काढावं लागतं.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो ते काम. "मॅडम, शेअरचं काही विशेष नाही हो, दोन-चारदाच विकलेत," असं म्हणणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये सव्वाशे ओळी असतात. ब्रोकरचा कर-अहवाल जसाच्या तसा आत घ्यायचा मोह होतो. त्याआधी चार गोष्टी तपासते. एक, डिमॅट बदललेलं असेल तर दुसऱ्या खात्यातून आलेल्या शेअरची खरेदी किंमत शून्य दिसते का. दोन, बोनस, विभाजन, विलीनीकरण नीट धरलंय का. तीन, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) खर्चात मिळवलाय का. भांडवली नफ्यात एसटीटी वजा करता येत नाही, दलाली येते. फ्युचर्स-ऑप्शन्स हे धंद्याचं उत्पन्न असल्याने तिथे दोन्ही खर्चात येतात. चार, १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२६ या काळातलं बायबॅक, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेणं. मिळालेली पूर्ण रक्कम लाभांश म्हणून इतर उत्पन्नात दाखवायची, भांडवली नफ्यात विक्रीमूल्य शून्य धरायचं आणि खरेदी किंमत तोटा म्हणून घ्यायची. लाभांश दाखवला नाही तर हा तोटा मिळत नाही.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात २३ जुलै २०२४ ही रेघ होती. त्याआधीच्या विक्रीला १११एखाली (शेअरचा अल्प मुदतीचा नफा) १५ टक्के आणि ११२एखाली (दीर्घ मुदतीचा) १० टक्के, त्या दिवसापासून २० आणि १२.५ टक्के. ११२एमधले करमुक्त सव्वा लाख मात्र पूर्ण वर्षाला मिळून एकच. ११२एच्या परिशिष्टात ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले शेअर एकेक करून लिहावे लागतात, कारण त्या दिवसाचा बाजारभाव लागतो: बाजारभाव आणि विक्रीमूल्य यांतलं कमी ते, आणि त्याची प्रत्यक्ष किमतीशी तुलना करून जास्त ते. नंतर घेतलेल्यांची एकत्र बेरीज एका ओळीत चालते, पण २३ जुलैच्या रेघेमुळे त्याही दोन ओळी झाल्या. ही गोष्ट माहीत नसल्याने माणसं शेकडो ओळी टंकत बसतात. एक्सेलमधून आयात करताना तारखेचा साचा आणि आकड्यांतले स्वल्पविराम यांच्यामुळे फाइल नाकारली जाते, म्हणून आधी त्या रकान्यांचं स्वरूप साधं करून घ्यावं.

आणि मग तक्ता एफ. भांडवली नफ्याच्या परिशिष्टाच्या शेवटी असलेला हा छोटा तक्ता, नफा वर्षाच्या कोणत्या भागात झाला ते विचारतो: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च आणि १६ ते ३१ मार्च. जेसन अपलोड करताना येणाऱ्या त्रुटींपैकी माझ्याकडे सर्वाधिक इथल्याच असतात. कारण साधं आहे. तक्त्यातली बेरीज मूळ नफ्याशी नाही, तर चालू वर्षाचा आणि मागचा तोटा वजा केल्यावर उरलेल्या आकड्याशी जुळावी लागते, आणि तक्त्यात उणे आकडा चालत नाही.

समजा ऑगस्टमध्ये अल्प मुदतीचा ४०,००० रुपये नफा झाला आणि जानेवारीत त्याच प्रकारचा २५,००० तोटा. ऑगस्टच्या घरात ४०,००० आणि जानेवारीच्या घरात उणे २५,००० लिहिता येत नाही. ऑगस्टच्या घरात १५,००० जातात, जानेवारीचं घर रिकामं. मागच्या वर्षीचा १०,००० तोटा ओढलेला असेल तर ऑगस्टमध्ये फक्त ५,०००. ११२एच्या ओळीत मात्र सव्वा लाखाची सूट वजा करायची नाही, कारण ती पुढे विशेष दरांच्या परिशिष्टात मिळते. तिथे सूट वजा करून लिहिलं की सव्वा लाखाचा फरक पडून त्रुटी येते.

काही सॉफ्टवेअरं हा गोंधळ टाळण्यासाठी सगळा नफा पहिल्याच घरात टाकतात. त्रुटी जाते, पण २३४सीचं व्याज नाहक वाढतं. नफा होण्याआधीच्या हप्त्यांवर त्या नफ्यापोटी व्याज लागत नाही, उरलेल्या हप्त्यांत कर भरला असला म्हणजे झालं. म्हणून डेमोच्या दुसऱ्या फाइलमध्ये मी हा तक्ता उघडून घराघरानं बघते. लाभांशासाठीही असाच तिमाहीवार तक्ता इतर उत्पन्नात असतो, तोही तपासावा.

करप्रणालीची निवड त्यामानाने सरळ. नवी प्रणाली करनिर्धारण वर्ष २०२४-२५पासून आपोआप लागू असते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्याला रिटर्नमध्येच दरवर्षी जुनी निवडता येते, पण रिटर्न मुदतीत हवं. उशीर झाला की जुनी गेली. धंदावाल्यांना जुनीसाठी मुदतीआधी फॉर्म १०-आयईए लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर धंदा चालू असेतोवर पुन्हा जुनी मिळत नाही. दोन प्रणालींचा तुलनातक्ता दाखवताना या पुढच्या वर्षांचाही विचार करायला हवा. सॉफ्टवेअर फक्त या वर्षीचा कमी कर हिरव्या रंगात दाखवतं.

सॉफ्टवेअरने काढलेला आकडा म्हणजे कायदा नव्हे, याचं ठळक उदाहरण ८७एच्या, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणाऱ्या, सवलतीचं. ५ जुलै २०२४ला खात्याच्या युटिलिटीत बदल झाला आणि नव्या प्रणालीत विशेष दराच्या उत्पन्नावरच्या करातून ही सवलत मिळेनाशी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, डिसेंबर २०२४मध्ये अंतरिम आदेश झाला आणि सुधारित रिटर्नं भरायला १५ जानेवारी २०२५पर्यंत वेळ मिळाला. त्या काळात युटिलिटीने परवानगी दिली नाही म्हणून विषय सोडून देणारे आणि कलम उघडून वाचणारे, असे दोन गट स्पष्ट दिसले. पुढे २०२५च्या वित्त कायद्याने २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून विशेष दरांवर ही सवलत नाही, असं लिहूनच टाकलं.

थकबाकीवर कलम ८९ची सवलत घ्यायची असेल तर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरायचा. रिटर्नमध्ये आकडा आहे आणि फॉर्म नाही, असं असलं की इंटिमेशनमध्ये सवलत उडते. परदेशी कंपनीचे शेअर मिळालेल्या आयटीवाल्यांना आयटीआर-१ चालत नाही, परिशिष्ट एफए (परदेशी मालमत्तेची माहिती) भरावंच लागतं, आणि ते आर्थिक वर्षाचं नाही तर कॅलेंडर वर्षाचं: आर्थिक वर्ष २०२४-२५च्या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२४. विकले नसले तरी भरायचं.

अपलोड झालं म्हणजे काम झालं, असं क्लायंटला वाटतं. ३० दिवसांत व्हेरिफिकेशन झालं नाही तर उशिरा व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते, आणि ती मुदतीबाहेर गेली तर २३४एफचं शुल्क लागतं: ५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. मी क्लायंटला समोर बसवून किंवा फोनवर ठेवूनच अपलोड करते, म्हणजे आधार ओटीपी लगेच मिळतो. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला नाही त्यांच्यासाठी नेट बँकिंगची वाट आहे. तीही नसेल तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पडताळणी-पावती) स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे खात्याच्या प्रक्रिया केंद्राला.

टीडीएस विवरणाचं गणित निराळं आहे. प्रोटीन या कंपनीची मोफत आरपीयू (विवरण तयार करायचं साधन) आणि एफव्हीयू (ते तपासायचं) थोड्या कामाला पुरेशी आहे. भरलेल्या चलनांच्या तपशिलाची सीएसआय फाइल पोर्टलवरून घ्यावी लागते, आणि एफव्हीयूची आवृत्ती जुनी असेल तर विवरण नाकारलं जातं, म्हणून दर तिमाहीला आधी आवृत्ती तपासायची. कापलेला कर उशिरा भरला तर व्याज दरमहा दीड टक्का, कापल्याच्या तारखेपासून, तेही कॅलेंडर महिन्याने. २५ जूनला कापलेला कर ८ जुलैला भरला तर एका दिवसाच्या उशिराला दोन महिने, म्हणजे ३ टक्के. विवरणाला उशीर झाला तर २३४ईखाली रोज २०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. जीएसटीचं काम असेल तर आयकराच्याच सॉफ्टवेअरमध्ये ते करण्याचा आग्रह धरू नये. २बीशी (पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांच्या यादीशी) खरेदी जुळवण्याचं साधन ज्यात चांगलं, ते वेगळं घेतलेलं बरं.

इंटिमेशन आलं की आपण भरलेले आकडे आणि खात्याने काढलेले आकडे, अशा दोन रकान्यांत फरक शोधायचा. आपल्या रिटर्नमध्ये चूक असेल तर सुधारित रिटर्न, करनिर्धारण वर्ष २०२५-२६साठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. रिटर्न बरोबर आणि प्रक्रियेत फरक असेल तर कलम १५४ची दुरुस्ती. डिमांड बरोबर असेल तर वाद न घालता भरायला सांगावं, व्याज चालू राहतं. सदोष रिटर्नची १३९(९)ची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात, म्हणून क्लायंटचा ईमेल त्याच्याच वापरातला असणं इथे कामी येतं.

वजावटींबद्दल कडक राहावंच लागतं. करनिर्धारण वर्ष २०२५-२६पासून जुन्या प्रणालीत ८०सीला पॉलिसी किंवा कागदाचा क्रमांक, ८०डीला विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक, घरभाड्याचा तपशील असं सगळं युटिलिटी मागते. जुलै २०२५मध्ये खात्याने खोट्या वजावटी आणि फसवे परतावे मिळवून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली. परताव्याच्या टक्क्यावर फी घेणं मला कधीच योग्य वाटलं नाही. आपली फी फॉर्मच्या प्रकारावर ठरलेली असावी. कागद न देता "टाका काहीतरी" म्हणणाऱ्याला नकार द्यावा. उत्पन्न चुकीचं सांगितलं तर २७०एखाली कराच्या २०० टक्के दंड त्याला, आणि खोट्या रिटर्नला मदत केल्याबद्दल कलम २७८ आपल्याला लागू होऊ शकतं. ४४एबीचं ऑडिट सनदी लेखापालाचंच काम, हेही आधीच स्पष्ट सांगावं.

१ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यावर दोन कायदे शेजारी चालतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं रिटर्न १९६१च्या कायद्याखाली, करनिर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणून. त्याच वेळी एप्रिल २०२६पासून कापलेला टीडीएस आणि आगाऊ कर नव्या कायद्याखाली, कर वर्ष २०२६-२७ म्हणून. पगारावरच्या टीडीएसचं कलम ३९२, बाकीच्यांचं ३९३. चलन भरताना वर्षाची निवड चुकली की जमा भलतीकडे जाते, म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही वर्षांची चलनं वेगळी दाखवतं का, हे नूतनीकरणाआधी पाहावं.

जुनी वर्षं उघडी राहण्याला यामुळे महत्त्व वाढलं आहे. अद्ययावत रिटर्न (राहिलेलं उत्पन्न मागाहून दाखवायचं) आता संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, जादा कर वर्षागणिक २५, ५०, ६० आणि ७० टक्के, आणि त्यातून परतावा मागता येत नाही. म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ची फाइल ३१ मार्च २०३०पर्यंत लागू शकते. परवाना संपल्यावर जुनं वर्ष निदान वाचण्यापुरतं उघडतं का, याचं उत्तर मी विक्रेत्याकडून ईमेलवर घेते. तरीही हंगाम संपला की प्रत्येक क्लायंटची जेसन, पोचपावती, उत्पन्नाचं विवरण, त्या दिवशीचं एआयएस, घसाऱ्याचा आणि तोट्याचा तक्ता पॅनच्या नावाच्या फोल्डरमध्ये काढते, एक प्रत ऑफिसबाहेरच्या डिस्कवर. घसारा आणि मागचा तोटा यांचे तक्ते एक्सेलमध्येही काढायचे, कारण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना जेसनमधून बाकीचं बहुतेक येतं, पण मालमत्तावार घसारा आणि शेअरवार शिल्लक साठा हाताने भरावा लागतो.